उचंत खाते

साठच्या दशकात बंगळूरच्या राजाजीनगरात राहून मी सी.ए.च्या अंतिम परीक्षेत दोनदा आपटले. बी.कॉम.ला पहिला वर्ग मिळवलेली मी! विषय कळत नव्हता असं नाही, हट्ट नडायचा. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्याशिवाय मी पुढच्या प्रश्नाला हात लावत नसे. फरक शोधता शोधता घंटा व्हायची. ज्यांच्याकडे मी उमेदवारी केली ते ऑडिटर सर फार मोठ्या मनाचे. त्या काळी मुलीला हाताखाली घेतलं आणि कधी चिडले नाहीत. ते कळवळून सांगत, "अगं, फरक उचंत खात्यात टाक आणि पुढे जा." न सापडलेला फरक तात्पुरता ठेवायचं ते खातं मला आळशांची सोय वाटे.

तिसऱ्या खेपेला अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, सांगून टाकलं, "या वेळी नाही झालं तर बेळगावच्या स्थळाला होकार कळवतो." बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग देव आठवला, दुसरं काय! जवळच्या दत्ताच्या देवळात औदुंबराला एकशे आठ प्रदक्षिणांचा नेम मी बोलले. परीक्षेच्या आदल्या सकाळी उपाशीपोटी गेले. मोजायला पिशवीत एकशे आठ चिंचोके घेतले होते; फेरी झाली की एक वाटीत टाकायचा. पिशवी रिकामी झाली, पण मनातली मोजणी एकने कमी! नक्की किती झाल्या? एक जास्तीची घालून मोकळी झाले असते तर ती मी कसली! चिंचोके परत पिशवीत ओतले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. ऊन चढलं, फरशी भाजायला लागली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

पारावर एक म्हातारी अक्का बसायची. घराणं कितीतरी पिढ्या बंगळूरचं, मराठीत अर्धं कन्नड. गुडघे धरत जमेल तेवढं फिरायची आणि उरलेला वेळ देवाकडे बघत प्रसन्न बसायची. तिने हाक मारली, "काय गं पोरी, पुन्हा पहिल्यापासून?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. ती खुदकन हसली.

"अय्यो, देवाने काय ऑडिटर बसवलाय होय गं? एक कमी पडली तर त्याच्यावर सोड. स्वल्प काम त्यालाही राहू दे. सरी, झालं तेवढं पुरे, आता घरी जा आणि जेव."

राग आला, पण पाय उचलेनात. झाडाला टेकले आणि म्हटलं, "महाराज, हा फरक तुमच्याकडे." घरी येऊन पोटभर जेवले आणि गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच प्रश्नात ताळेबंद जुळेना. हात सवयीने पुन्हा बेरजा करायला लागला आणि एकदम अक्काचं ते हसू आठवलं. सर वर्षानुवर्षं हेच तर सांगत होते! फरक उचंत खात्यात लिहिला आणि पान उलटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझा पेपर पुरा झाला. तो फरक मात्र मला शेवटपर्यंत सापडला नाही.

मी पास झाले. अण्णा माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. पेढे घेऊन मी धावत अक्काकडे गेले, तिच्या पाया पडले आणि तिचे शब्द तिला सांगितले.

"मी असं म्हटलं?" ती चकित झाली. "मला नाही आठवत गं. त्या दिवशी तू फार भुकेली दिसलीस, एवढं आठवतं."

मग तिच्या तोंडून कोण बोललं, याचा शोध मी घेत नाही. तोही फरक महाराजांकडेच ठेवला आहे. पुढे जन्मभर ऑडिट केलं आणि लोकांच्या हिशोबातली पै न् पै जुळवली. औदुंबराला मात्र आजही फिरते, पण चिंचोके घरीच ठेवून.