नारळाच्या पाण्याचा कौल

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा जोरात असायची. विट्यातल्या कितीतरी घरांसारखं आमचंही घर सोनं गाळण्याच्या धंद्यावर उभं. सासऱ्यांनी, म्हणजे मी ज्यांना मामा म्हणायचे त्यांनी, उमेदीची सगळी वर्षं परमुलखात भट्टीसमोर काढली होती. आता त्यांचं तिकडचं दुकान माझे यजमान कोइमतूरला चालवत होते. पण मामांची सोनं वितळवायची जुनी मूस आणि सांडशी खंडेनवमीला पाटावर यायच्याच. त्यांच्या शेजारी विळी, कोयता, शिलाई मशीन. आणि त्या वर्षी लॅपटॉप.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आमच्या आळीत लॅपटॉप कुणी पाहिलेला नव्हता. यजमानांनी तो तिकडच्या एका गिऱ्हाइकाकडून जुना विकत घेऊन मला आणून दिला होता, कारण लग्नाआधी मी कराडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि माझा हात गंजू नये असं त्यांना वाटत होतं. सांगलीतल्या एका कॉम्प्युटर क्लासनं मला दिवाळीनंतर शिकवायला आणि मशीन दुरुस्त करायला बोलावलं होतं. ते फक्त मामांच्या होकारावर अडलं होतं. मामा हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. "बघू," म्हणायचे. त्यांच्या त्या 'बघू'चा मला इतका संताप यायचा की भाकरी थापताना परात वाजायची.

पूजेच्या वेळी मी लॅपटॉप मिटून ठेवला होता. मामा म्हणाले, "चालू करून ठेव. बंद दुकानाची पूजा करत्यात व्हय?" मी चालू केला. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे मी ज्यांना आत्या म्हणायचे त्यांनी, सगळ्या हत्यारांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. मामांनी नारळ फोडला. मग रीतीप्रमाणे त्यातलं पाणी हत्यारांवर शिंपडायचं. आत्यांनी मुशीवर चार थेंब टाकले, विळीवर टाकले, आणि लॅपटॉपपाशी आल्यावर त्यांचं मन मोठं झालं. "नवं लेकरू हाय घरातलं," असं म्हणून त्यांनी करवंटीच उपडी केली.

मी "आवं आत्या!" म्हणेपर्यंत पाणी बटणांच्या फटींतून आत गेलं होतं. बारीक चिक्‌ असा आवाज आला आणि पडदा काळा झाला.

मी वायर उपटली, बॅटरी काढली, मशीन उपडं धरलं. नारळाचं पाणी सतरंजीवर ठिबकत राहिलं. आत्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मामा मात्र शांत होते. हात जोडून म्हणाले, "देवीनं कौल दिला. घरातल्या बाईनं ह्या धंद्यात पडू नये, एवढाच त्याचा अर्थ." सांगलीचा विषय त्यांच्या दृष्टीनं तिथंच संपला. महिनोन्‌महिने जे त्यांना तोंडानं म्हणवत नव्हतं, ते देवीनं त्यांच्या वतीनं म्हणून टाकलं होतं. चालू ठेवायला कुणी सांगितलं होतं, हे विचारायची सोय नव्हती.

मी त्या क्षणी ठरवलं की हे मशीन चालू करायचं. माझ्या नोकरीसाठी तर होतंच, पण आत्यांसाठीही. दुपारी त्या मोरीपाशी पदर तोंडाला लावून रडत होत्या. "पोरी, माज्या हातानं तुजं वाटोळं झालं," म्हणाल्या. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण येईना. इतक्या मायेनं एखाद्या यंत्राचा सत्यानाश झालेला मी नंतर कधीच पाहिला नाही.

साधं पाणी असतं तर नुसतं वाळवून भागलं असतं. नारळाच्या पाण्यात साखर आणि क्षार. ते वाळलं की चिकटून बसतं आणि तांबं खायला लागतं. म्हणून आधी धुवायचं. "पाण्यानं बिघडलं ते पाण्यानंच धुतीस?" आत्यांनी घाबरून विचारलं. मी गाड्यांच्या बॅटरीत घालतात ते पाणी गॅरेजमधून आणलं, कारण त्यात क्षार नसतात. मेडिकलमधून स्पिरिट आणलं. माडीवर चादर अंथरली आणि मशीन उघडलं. डिप्लोमाला टीव्ही आणि टेप उघडले होते, लॅपटॉप कधीच नाही. एकेक स्क्रू जिथून काढला तिथल्या खुणेसकट कागदावर चिकटवत गेले. हार्ड डिस्क कोरडी होती, ती फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली. सर्किटची मुख्य पट्टी मऊ दातब्रशनं स्पिरिट लावून पुसली. पांढरट चिकटा निघत होता, कुठं कुठं हिरवी झाक आलेली.

बटणं सगळी उचकटून बॅटरीच्या पाण्यात धुतली आणि सुपात पसरली. ती परत बसवताना आत्या माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांना इंग्रजी अक्षर येत नव्हतं, पण तांदूळ निवडायची नजर होती. मी बसवत गेले आणि त्या शोधून देत गेल्या. "पाळणा दे म्हणतीस नव्हं?" असं म्हणून यू हातात ठेवायच्या. एसला त्यांनी गांडूळ म्हटलं. एमला आणि डब्ल्यूला मात्र त्या हटून बसल्या की हे दोन्ही एकच, तू उलटं धरतीस. पूजेनंतर त्या पहिल्यांदाच हसल्या.

सगळं सावलीत वाळू दिलं. घाई करून चालणार नव्हतं, ओलसर असताना वीज दिली असती तर उरलंसुरलंही गेलं असतं. मामा येता-जाता माडीकडे बघायचे. "मेलेल्या म्हशीला किती पाला दावशील?" म्हणायचे. मी सुट्या भागांची कूस बदलत राहायचे. तोंड उघडलं असतं तर भलतंच निघालं असतं.

वाळल्यावर जोडलं, वीज दिली. काहीच झालं नाही. साधा दिवासुद्धा लागला नाही.

खरं सांगते, त्या वेळी मी हरले होते. जिन्यात बसून राहिले. मामा खाली पेपर वाचत होते आणि पान उलटल्याचा आवाजही मला विजयाचा वाटत होता. त्या आवाजानंच मला परत वर पाठवलं. कॉलेजातला मीटर काढला आणि वीज शिरते त्या जागेपासून एकेक ठिकाण तपासत गेले. फार लांब जावं लागलं नाही. विजेच्या दारातच, तांदळाच्या कणीएवढा एक फ्यूज उडालेला होता. म्हणजे आतलं वाचवण्यासाठी तो स्वतः गेला होता. मला त्याचं कौतुक वाटलं.

पण तो विट्यात मिळेना. तासगावमार्गे एस्टीनं सांगली गाठली. सुट्या भागांच्या दुकानातल्या माणसानं जुना फ्यूज बघितला, मला बघितलं आणि म्हणाला, "ताई, तुम्ही मिस्टरांना पाठवा. त्यांना समजावून सांगतो." मी म्हटलं, "मिस्टर कोइमतूरला आहेत. ते येईस्तोवर मला समजावून बघा, जमतंय का." मग त्यानं गुमान भंगारातल्या पट्ट्यांचा खोका पुढं केला. त्यातून सारख्या ताकदीचा फ्यूज मी स्वतः हुडकला.

घरी येऊन तो डाग देऊन बसवताना मी श्वास रोखून धरला. आत्या दारात उभ्या होत्या. बटण दाबलं. आतला पंखा गुरगुरला, हिरवा दिवा लागला, आणि पडद्यावर अक्षरं उमटायला लागली. मी ओरडलेच. आत्यांनी माझं तोंड दोन्ही हातांनी कुरवाळून कडाकडा बोटं मोडली.

मशीन खाली नेऊन मामांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी पडदा निरखला. मग देव्हाऱ्याकडे हात जोडले. "देवीची कृपा," म्हणाले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माडीवर गुडघे मी टेकले होते, बोटं मी भाजून घेतली होती. मी बोलणार, तेवढ्यात आत्याच बोलल्या, आणि मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना मामांसमोर इतकं सरळ बोलताना ऐकलं नव्हतं.

"व्हय, देवीचीच. बंद पडलं तवा तिचा कौल म्हनलासा. आता तिनंच चालू केलं, मग ह्यो बी कौलच की. पोरगी सांगलीला जाणार. तुमी देवीच्या आडवं येऊ नगा."

मामांनी पेपर उचलला. पेपरामागूनच म्हणाले, "सकाळची एस्टी कवाची हाय, इचारून ठिवा."

दिवाळीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी आत्या मला स्टँडवर पोचवायला आल्या. मी घुश्शातच होते. नोकरी मिळाली होती, पण घरात पाहुण्यारावळ्यांना अजून देवीचीच गोष्ट सांगितली जात होती, आणि ती सांगणाऱ्यांत आत्याही होत्या. ते मला लागलं होतं.

गाडी फलाटाला लागली. आत्यांनी माझा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "देवीचं नाव फुडं केलं म्हणून रुसलीयास नव्हं? कुणी दुरुस्त केलं ते मी डोळ्यांनी बगितलंय. पर तुजं नाव घेतलं असतं, तर त्यांनी आयकलं असतं का, सांग."

"नसतं ऐकलं," मी म्हणाले, आणि गाडीत चढले.