एजंटचे साक्षीदार

"क्रेडिट स्कोअर काढून ठेवा मॅडम, घरमालक आधी तोच बघतात," असं एजंट म्हणाला तेव्हा मला हसू आलं होतं. शाळेत जन्मभर गणित शिकवलं. एका आकड्याची कसली भीती? आकडा आला आणि हसू जिरलं. नवऱ्याने धंद्यासाठी जी जी कर्जं काढली, त्या प्रत्येकावर माझीही सही होती. धंदे बुडाले, हप्ते थकले आणि ते सगळं माझ्या नावापुढे येऊन बसलं. दुसऱ्यांच्या पोरांना मार्क देण्यात आयुष्य गेलं, आणि निवृत्त झाल्यावर मीच नापास.

त्या सह्यांपायीच मी घर सोडत होते. मारहाण नव्हती, दुसरी बाई नव्हती. पुन्हा एक कागद पुढे आला आणि मी पेन खाली ठेवलं, एवढंच. पण सदाशिव पेठेत हे सांगायचं कोणाला? या वयात बाईने घर सोडलं की लोक कारण विचारत नाहीत, परस्पर ठरवून टाकतात. म्हणून सगळ्यांना सांगितलं, बहिणीचं ऑपरेशन आहे, नाशिकला जातेय. आणि घर बघितलं विश्रांतवाडीत, जिथे मला कुत्रंही ओळखत नव्हतं.

मालकांनी आकडा पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला. "शिक्षिका होतात ना आपण?" एवढंच विचारलं. आणखी काही बोलायची गरजच नव्हती. एजंटने मध्ये पडून डिपॉझिट दुप्पट ठरवलं आणि स्वतःची दलाली एका महिन्याच्या भाड्यावरून दीड महिन्यावर नेली. "तुमच्यासाठी शब्द टाकला मी," म्हणाला. मी त्याचे आभारसुद्धा मानले. त्याची आजही लाज वाटते.

कराराच्या दिवशी तो अंगठ्याचं मशीन घेऊन आला. "दोन साक्षीदार लागतील. तुमचे आहेत, की माझे लावू?"

उभा जन्म पुण्यात काढलेला. पण ज्याला बोलवावं, त्याला सगळं सांगावं लागलं असतं. म्हटलं, तुमचेच लावा.

एक त्याचा मेव्हणा. दुसरा कोपऱ्यावरच्या स्टँडवरचा रिक्षावाला, पन्नाशीचा, खाकी शर्टाची वरची गुंडी लावत आत आला. एजंटने रीतीप्रमाणे विचारलं, "मॅडमना ओळखता ना?" मेव्हणा मोबाईलमधून मान वर न करता "हो" म्हणाला. रिक्षावाल्याने मात्र माझ्याकडे नीट पाहिलं. "ओळखतो की," म्हणाला आणि मशीनवर अंगठा टेकवला. जाताना दारात थांबून म्हणाला, "ताई, एकट्या आहात. काही लागलं तर स्टँडवर सांगा."

राहायला येऊन दोन-तीन आठवडे झाले असतील. भाजी घेत होते, तर मागून हाक आली. जुन्या बिल्डिंगमधल्या, आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई! लेकीकडे आल्या होत्या.

"अगं, तू नाशिकला ना?"

"कालच आले," मी म्हटलं. "इथे एका मैत्रिणीकडे आले होते, निघालेच आता." एक खोटं झाकायला दुसरं. तेवढ्यात तोच रिक्षावाला समोर येऊन तोंडभर हसला.

"काय ताई, बसलं का बस्तान?"

मी त्याच्याकडे सरळ पाहिलं. वर्गात पोरांना गप्प करायचा आवाज अजून शिल्लक होता. "कोण आपण? तुमचा काहीतरी गैरसमज होतोय."

त्याचं हसू गेलं. "असेल," म्हणाला. "एकासारखी एक माणसं असतात."

"तुमची रिक्षा रिकामी आहे का हो?" शेजारीणबाईंनी लगेच विचारलं. "सदाशिव पेठ. चल गं, आपण एकाच वाटेच्या."

नाही म्हणायला मला तोंड कुठे होतं? मेथीची जुडी मांडीवर घेऊन बसले. येरवड्यापर्यंत त्या लेकीच्या सासूबद्दल बोलल्या, पुढे ओळखीतल्या कोणा बाईबद्दल. "साठीला आली आणि नवऱ्याला सोडून वेगळी राहते म्हणे. जनाची नाही, मनाची तरी लाज हवी." मी "हो ना," म्हणाले. समोरच्या आरशात रिक्षावाल्याचे डोळे दिसत होते, म्हणून उरलेला सगळा रस्ता मी बाहेर बघत राहिले.

भाडं त्यांनीच दिलं. जिन्यात आमचा पहिला मजला आला. दारावरच्या पाटीवर अजून माझं नाव होतं. आत टीव्ही चालू होता. "जा, वाट बघत असेल तो," म्हणून त्या वर गेल्या. मी बेलच्या बटणावर बोट ठेवून, न दाबता, वरचं दार लागेपर्यंत उभी राहिले. पस्तीस वर्षं ज्या दारात रांगोळी काढली तिथे चोरासारखी उभी होते. नवरा बाहेर आला तर काय सांगू? वरची कडी वाजली तशी चपला हातात घेऊन खाली उतरले.

रिक्षा तिथेच उभी होती.

"बसा ताई," तो म्हणाला. "परत जायचं असेल ना."

मी बसले. लकडी पूल गेला, स्टेशन गेलं. शेवटी कसंबसं म्हटलं, "दादा, मला माफ करा. मी खोटं बोलले."

"खोटं तर मीही बोललो होतो, त्या दिवशी मशीनवर," तो पुढे बघतच म्हणाला. "पण ते तुम्हाला घर मिळावं म्हणून."