काळ अज्ञात: भामरागडच्या वाटेवर काढलेला एक फोटो

माझं सगळं बदललं ते एका दगडाला गुंडाळलेला शेला मी सोडला तेव्हा. तोवर मी फक्त आकांक्षाच्या मागे चाललो होतो.

इंजिनिअरिंगला आम्ही एका वर्गात. तिसऱ्या वर्षी सरांनी प्रॅक्टिकलची फाईल माझ्या अंगावर फेकली, मी ती परत त्यांच्या अंगावर फेकली आणि चंद्रपूरला घरी येऊन बसलो. ती शिकत राहिली. शिवाय तिनं पाच-सहा पोरापोरींचा गट जमवला. जंगलपट्ट्यातले शब्द, गाणी, वस्तूंचे फोटो गोळा करायचे आणि इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात टाकायचे, म्हणजे कोणीही फुकट बघेल, वापरेल. मार्चमध्ये तिचा मेसेज आला, "कॅमेरा आहे ना तुझ्याकडे? भामरागडकडे चाललोय." वारसा-बिरसा मला काही कळत नव्हतं. दहा सेकंदात हो म्हटलं.

तुम्ही जाणार असाल तर चंद्रपूरहून अहेरीची सकाळची एसटी धरा. गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली असा रस्ता. आष्टीपर्यंत झोप लागते. पुढे खनिजाच्या ट्रकांनी रस्त्याची अशी चाळण केलीय की बोलताना जीभ चावली जाते. आष्टीला गाडी थांबली की आलूबोंडा खाऊन घ्या, पुढे भूक लागेल तिथं हॉटेल असेलच असं नाही. आणि मार्चमध्ये जंगल हिरवंगार असेल या भ्रमात राहू नका. साग उघडा पडलेला असतो. खालच्या वाळक्या पानांवरून साधी शेळी चालली तरी मोठं जनावर आल्यासारखं वाटतं.

अहेरीत चैतू भेटला. हेमलकशाच्या पुढच्या एका गावातला माडिया पोरगा, अहेरीला बी.ए. करतो. दोन वर्षांपासून आपल्या भाषेतले शब्द एकेक करून म्हाताऱ्यांच्या आवाजात रेकॉर्ड करतोय. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "जोहार. तूच का तो फाईल फेकणारा?"

आकांक्षा हसली. तेव्हापासून तो मला आवडेना.

दुसऱ्या दिवशी जीपनं त्याच्या गावी गेलो. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा वेळ हातात ठेवा. पाण्याची बाटली आणि रोख पैसे अहेरीतूनच घ्या. गावात पोचताच पुसेबाई नावाच्या म्हातारीनं पानाच्या द्रोणात आंबील दिली. इतक्या उन्हात त्याहून थंड काही मी प्यालेलो नाही.

मग गोटुलासमोर, म्हणजे गावाच्या सामायिक घरासमोर, बैठक. विचारल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढायचा नाही, हा आकांक्षाचा नियम. एक तास गेला, दुसरा गेला.

"अजून किती?" मी विचारलं.

"बैठक हाय बे," चैतू म्हणाला, "सेल्फी नाई."

शेवटी ठरलं ते असं: शब्द आणि गाणी घ्या. गावाच्या कडेला जे स्मृतीचे दगड उभे आहेत, त्यांच्या फोटोचं उद्या सांगतो. ज्याचा दगड त्याच्या घरच्यांना विचारावं लागतं. मला ते उगाच लांबण लावणं वाटलं. त्यात आकांक्षा आणि चैतू एकाच इअरफोनचं एकेक टोक कानात घालून एका आजीचं गाणं ऐकत बसले. मी उठलो.

मोहाच्या झाडांखाली दगड होते. पुरुषभर उंचीचे, काही वाकलेले. एकाला तांबड्या काठाचा शेला गुंडाळला होता. तो मी सोडला, झुडपावर टाकला. ओला दगड फोटोत उठून दिसतो, म्हणून बाटलीतलं पाणी त्याच्यावर ओतलं. मागून उजेड असा आला की मी इतका चांगला फोटो कधी काढला नव्हता. शेला परत गुंडाळायचा राहिला. दुपारी पाणी भरायला हेमलकशाकडे गेलो, मोबाईलला रेंज मिळाली, आणि तिथंच रस्त्याच्या कडेला उभं राहून कॅमेऱ्यातला फोटो मोबाईलवर घेऊन ज्ञानकोशात टाकून दिला. खाली लिहिलं: प्राचीन स्मृतिशिळा, काळ अज्ञात.

परत येऊन आकांक्षाला दाखवला. चैतूनं मोबाईल हातात घेतला.

"हा तं सोमाकाका हाय."

"कोण सोमाकाका?"

"पुसेबाईचा नवरा. मागच्या उन्हाळ्यात गेला. सकाळी तिच्या हातची आंबील पेलास ना तू?" मग म्हणाला, "शेला कुठी हाय?"

मला त्याची कॉलर धरावीशी वाटली. माझी स्वतःचीच धरावी हे तेव्हा सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिघं तिकडे गेलो. पुसेबाईनं कालच, दगड ओला असतानाच, शेला परत गुंडाळला होता. ती माडियात बोलत होती, चैतू आम्हाला मराठीत सांगत होता. मी शिव्यांच्या तयारीनं उभा.

"ती विचारून राह्यली, यानं त्याले आंघोळ काऊन घातली?"

काय सांगू? फोटो चांगला येतो म्हणून?

तिनं फोटो मागितला. बराच वेळ बघितला, स्क्रीनवरून बोट फिरवलं.

"हे कोन कोन पाह्यते, विचारते."

"सगळे," मी म्हणालो. "सगळं जग."

"जगाले त्याचं नाव माहीत हाय का?"

मी खाली काय लिहिलं होतं ते चैतूनं तिला सांगितलं. ती हसली, चिडून नाही, एखाद्या पोरानं वेडगळ काही विचारावं तशी. मग एवढंच म्हणाली की त्याला उघडा ठेवू नका, तो फोटो काढून टाका.

बैठक पुन्हा बसली. निर्णय सरळ होता: तो फोटो जगातून जाईपर्यंत गावाचं काहीच वर जाणार नाही. शब्द नाही, गाणी नाही. चैतूची दोन वर्षं त्याच्या फोनमध्येच अडकली. परतीच्या जीपमध्ये तो माझ्याशी भांडला असता तर बरं झालं असतं. तो आलापल्लीपर्यंत झोपून राहिला, किंवा झोपल्यासारखा.

घरी येऊन ज्ञानकोशावर, फोटो काढून टाका असा अर्ज केला. तिकडे तोवर अनोळखी लोकांनी फोटोची तारीफ केलेली. अर्जाखाली एकानं लिहिलं, "दर्जेदार छायाचित्र. हटवण्यास कारण अपुरे." मी त्याला तीन ओळी शिव्या टाईप केल्या, पुसल्या, आणि लिहिलं, "हे प्राचीन नाहीत. यांच्या पत्नी हयात आहेत आणि त्यांनी नाही म्हटलंय." पाच दिवस वाद चालला. सहाव्या दिवशी फोटो गेला. त्या दिवशी मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. का, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

आठव्या दिवशी तोच फोटो एका पर्यटनाच्या पानावर दिसला, खाली माझेच शब्द. त्यांना दोनदा लिहिलं, उत्तर नाही. कोणीही घ्या, कुठेही छापा, हे आम्हीच तर अभिमानानं सांगत फिरतो.

चैतूला फोन केला. "शनिवारी बैठक हाय," तो म्हणाला. "फोटो गेला मनून सांगतो. मंग काम सुरू." मी त्याला दुसऱ्या पानाचं सांगितलं.

"हे तू मले काऊन सांगतलं?" तो म्हणाला. "मी नाई सांगत पुसेबाईले. तुले सांगायचं तं ये."

आकांक्षाला विचारलं. सांगितलं तर तिचं काम त्या गावातून कायमचं उठेल. नाही सांगितलं तर कोणाला कळणारही नाही.

"तूच ठरव," ती म्हणाली. "आणि माझ्याकडे बघून ठरवू नकोस."

या प्रवासातून काय राहिलं म्हणाल तर हेच. मी कोणाकडे बघून काय करतो, हे मला आता खात्रीनं सांगता येत नाही. पुसेबाईशी काय बोलायचं ते रात्री वहीत लिहायला बसलो, एक ओळ झाली नाही.

बैठकीच्या आदल्या सकाळी पिशवी भरली. बाबा चहा घेत होते.

"आता कुठी?"

"तिकडेच. भामरागडकडे."

"ते पोरगी पन हाय का संग?"

"नाही."

बाबांनी कप खाली ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "मंग काऊन चालला?"

चपला घातल्या, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.