एक नंबर कुठून मोजायचा

मी रेल्वेवाल्याची लेक अन् प्लांटवाल्याची बायको. भिलाईत अशा सोयरिकी पुष्कळ होतात, त्यात नवल काही नाही. पण दोन्हीकडचे पुरुष एकाच इंजिनाला हात लावतात तेव्हा काय होतं ते मी पाहिलंय, अन् ते निस्तरलंयही मीच. हे सांगायला मला लाजबीज मुळीच वाटत नाही.

बाबा गेले अन् त्यांची जुनी पेट्रोलची गाडी मागे राहिली. तिच्यावरच त्यांनी मला चालवायला शिकवलं होतं. जुनवानीत भावाच्या घरी जागा नव्हती, म्हणून ती आमच्या सेक्टरातल्या क्वार्टरसमोर ताडपत्रीखाली उभी होती. आई भावाकडेच राहते. बाबा गेल्यापासून तिनं घराचं फाटक ओलांडलं नव्हतं. एक दिवस तीच म्हणाली, ही गाडी चालू झाली तर भाऊबिजेला मी हिच्यात बसून तुझ्या घरी येईन, नाहीतर मला आग्रह करू नका. तेव्हापासून माझा सारा जीव त्या गाडीत अडकला.

आमचे हे पोलादाच्या प्लांटात फिटर. धाकटा भाऊ रेल्वेत, डिझेल इंजिनांवर. दोघंही आपापल्या जागी उस्ताद, अन् दोघांनाही ते चांगलं माहीत. गाडीचे व्हॉल्व्ह गळत होते, म्हणून इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, सुपेल्याच्या बाजारात घासायला दिलं अन् परत आणून बसवलं. पुढचं काम या दोघांनी वाटून घेतलं. यांची पहिली शिफ्ट, भावाची दुसरी, त्यामुळे एकमेकांची गाठ पडायचीच नाही. संध्याकाळी यांनी टॅपेट लावले, म्हणजे व्हॉल्व्हची फट नेमकी बसवली, एक नंबरचा सिलिंडर दाबावर आणला अन् ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर त्या हिशोबानं बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आला, त्यानं नव्या वायरी प्लगांना जोडल्या अन् ड्युटीवर गेला.

सुट्टीच्या दिवशी दोघं एकदाचे एकत्र आले. भावानं चावी फिरवली. हे कार्बोरेटरमध्ये डोकावून पाहत होते. असा काही बार उडाला की समोरच्या क्वार्टरमधल्या बाई पोळी लाटता लाटता बाहेर आल्या. यांची उजवीकडची मिशी अर्धी जळाली. मी आधी घाबरले, मग हसले, अन् मग दोघांची तोंडं सुटली तेव्हा माझं हसू पळालं.

पुन्हा सगळं तपासलं. टॅपेट बरोबर. पुलीवरची खूण बरोबर. ठिणगीचा क्रम एक-तीन-चार-दोन, तोही बरोबर. सगळं बरोबर, अन् चावी फिरवली की बार. हे म्हणाले, रेल्वेवाल्यांना वायरी काय कळतात. भाऊ म्हणाला, प्लांटवाल्यांचा हात हातोड्याचा, टॅपेटचा नाही. दोघांचंही तेच, नाचता येईना अंगण वाकडं! मग भाऊ रागानं निघून गेला, अन् यांनी हथखोजच्या एका भंगारवाल्याचं नाव काढलं. माझा पारा चढला. म्हटलं, खबरदार, त्या गाडीला भंगारवाल्याचा हात लागला तर. भाऊबीज तोंडावर आली होती, अन् या दोघांना आपापली अक्कल सांभाळायची पडली होती.

मग मी डोकं शांत केलं अन् बाबांची शिकवण आठवली. सायलेन्सरमधून आवाज आला तर गोष्ट वेगळी. पण बार कार्बोरेटरमधून उडाला, तर पेट्रोल आत यायचं दार उघडं असतानाच ठिणगी पडली असं समजायचं. म्हणजे ठिणगीची वेळच चुकत होती, खूण काही का सांगेना. पंख्याकडचा, म्हणजे सगळ्यात पुढचा प्लग मी काढला अन् त्या भोकावर अंगठा दाबून धरला. यांना म्हटलं, इंजिन हातानं फिरवा, डिस्ट्रिब्युटरमधला ठिणगीचा काटा या प्लगाच्या वायरीवर येईस्तोवर. काटा आला. तेव्हा माझा अंगठा हवेनं उडायला हवा होता. फुंकरसुद्धा नाही. मग सगळ्यात मागच्या, गिअरबॉक्सकडच्या सिलिंडरवर तसंच केलं. काटा त्याच जागी येताना अंगठा फटकन उडाला.

भावाला फोन केला, आत्ताच्या आत्ता ये. तो गाल फुगवून आला. दोघांना बॉनेटच्या दोन बाजूंना उभं केलं अन् म्हटलं, “तोंडं बंद. एक नंबरचा सिलिंडर कोणता, त्याच्यावर बोट ठेवा.”

यांनी गिअरबॉक्सकडच्या सिलिंडरवर ठेवलं. भावानं पंख्याकडच्या.

दोघं एकमेकांच्या बोटाकडे पाहत राहिले. “तिकडून कावून मोजता, भाऊजी?” भावानं हळूच विचारलं. हे म्हणाले, त्यांच्या शॉपमध्ये मशीनला मोटर जिकडून जोडलेली तिकडूनच एक नंबर, आयुष्यभर तसंच मोजलं, म्हणून इथंही गिअरबॉक्सच्या जोडाकडून. गंमत अशी, की एक-तीन-चार-दोन हा क्रम कुठल्याही टोकाकडून मोजा, तोच येतो. म्हणून तपासताना प्रत्येकाला आपलं काम बरोबर दिसायचं. फक्त प्रत्येक ठिणगी इंजिनाचा एक पुरा फेरा चुकून पडायची. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

वायरी डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर दोन-दोन घरं सरकवल्या. या खेपेला चावी मी फिरवली. हे चार पावलं मागे सरले, उरलेल्या मिशीवर हात ठेवून. गाडी एका झटक्यात सुरू झाली अन् गुरगुरत राहिली. मला इतका आनंद झाला की मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले, अन् दोघांना वाटलं पुन्हा काही बिघडलं.

भाऊबिजेला मीच गाडी चालवत जुनवानीला गेले, दोघांना मागच्या सीटवर बसवून. भाऊ त्या दिवशी मुद्दाम सकाळीच आमच्याकडे आला होता. आई फाटकात उभी होती. गाडी कुणी दुरुस्त केली, तिनं विचारलं. हे म्हणाले, साळेबुवांनी. भाऊ म्हणाला, भाऊजींनी. आता यांना एकमेकांचा पुळका!

“आई, दोघंही खोटं बोलून राहिले,” मी म्हटलं. “गाडी मी चालू केली.”

आईनं बॉनेटवर हात ठेवला. मग पदर खोचून पुढच्या सीटवर, माझ्या बाजूला बसली. तिला लोकांसमोर यायला नको वाटेल म्हणून मी गाडी मागच्या, रिकाम्या रस्त्याकडे वळवायला लागले, तर तिनं माझा हात धरला.

“तिकडून नको,” ती म्हणाली. “सुपेल्यावरून घे. गर्दीतून. लोकाईले दिसू दे मले.”