तो गंज नव्हता

मी कमी बोलतो असं घरातले सांगतात, आणि कौतुकानं सांगतात. कमी बोलण्यात काय काय दडवता येतं ते मला माहीत आहे. त्यातलं एक इथं लिहितो.

माझी सगळी नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात, टूलरूमला गेली. मुलगी अ‍ॅनिमेशन शिकत होती. तिनं तिचा कॉम्प्युटर एकेक भाग गोळा करून जोडला होता. त्यातलं ग्राफिक कार्ड तेवढं जुनं, कुणीतरी वापरलेलं. क्रांती चौकाजवळ एका जिन्याखाली जुने सुटे भाग विकणारे एक गृहस्थ बसायचे, त्यांच्याकडून घेतलं. ते रोज खुलताबादहून बसनं यायचे. कार्ड घ्यायला मी सोबत गेलो होतो. त्यांनी ते स्वतःच्या मशीनला लावून तासभर चालवून दाखवलं, आम्हाला चहा पाजला.

"देख लो बेटा, पूरा चला के देखो, फिर लेके जाओ. पानी लगेला माल मैं रखताइच नै."

कार्ड चार महिने झकास चाललं. मुलगी आल्यागेल्याला सांगायची, नव्याच्या तोंडात मारंल असं आहे म्हणून.

मग दसरा आला. आमच्या टूलरूमला दसऱ्याला मशीन धुऊनपुसून पूजा व्हायची. मला काम शिकवणारे मिस्त्री फार कडक. पहिल्या वर्षी मी लेथच्या पुढच्या पत्र्यावर कुंकू लावलं तर माझं मनगट धरून म्हणाले, "पत्रा काम करतो का रे? जे काम करतं त्याला लाव." तेव्हापासून मी लेथच्या फिरणाऱ्या चकलाच लावत आलो, ड्रिलच्या स्पिंडललाच लावत आलो. पूजा झाली की मशीन एकदा चालू करून बंद करायचं, हेही त्यांचंच.

त्या दसऱ्याला मायलेकी कर्णपुऱ्याच्या यात्रेला निघाल्या. दारातून मुलगी म्हणाली, "पप्पा, कॉम्प्युटरला वरून हार घाला फक्त. आतलं काही उघडू नका हं."

मी मान हलवली.

त्या कोपऱ्यावर वळल्या असतील नसतील, मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो. वरून हार घालणं म्हणजे पत्र्याची पूजा, ते मला पटेना. बाजूचं झाकण काढलं. कार्ड कसं निघतं ते तिला करताना पाहिलं होतं. हातात घेतलं तर खालच्या कडेला सोनेरी दातांची पट्टी, अशी चमकत होती की मला वाटलं, काम करतं ते हेच. ओलं कुंकू अनामिकेनं त्या दातांवर लावलं. वर हळद लावली. फूल पाण्यात बुडवून दोनदा शिंपडलं. सुकायला ठेवावं हेसुद्धा मला सुचलं नाही. तसंच खाचेत बसवलं, हात जोडले आणि बटण दाबलं.

चट् असा बारीक आवाज झाला. कार्डाचे पंखे अर्धा फेरा फिरून थांबले. स्क्रीन काळी ती काळीच.

मी लगेच समजलो. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढं मी असं वागलो की जणू मला काही माहीतच नव्हतं. कार्ड काढून बनियनच्या तुकड्यानं पुसलं. दातांच्या मधल्या फटीत लाल राहिलं, ते निघेना. पुन्हा बसवलं, स्क्रू आवळले, झेंडूचा हार घातला. संध्याकाळी त्या दोघी आल्या. मुलीनं माझ्या हातात आपट्याची पानं दिली, पाया पडली. तेव्हा सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं हाक मारली. "पप्पा, स्क्रीनच येईना."

तिनं केबल कार्डावरून काढून मदरबोर्डला लावली. स्क्रीन आली, पण कार्ड नव्हतं. म्हणजे खाचेत होतं, कॉम्प्युटरला मात्र दिसत नव्हतं. "डिटेक्टच होत नाय," ती म्हणाली. मग दोन दिवस तिनं काय काय केलं! ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, कार्ड दुसऱ्या खाचेत बसवलं, पॉवरची वायर बदलली, मैत्रिणीच्या घरी नेऊन तिच्या मशीनला लावून पाहिलं. प्रत्येक गोष्ट करताना मला मोठ्यानं समजावून सांगायची, कारण पप्पांना मशीन कळतं. मी मागं पलंगावर पेपर धरून बसलेला असायचो. ती एकेक शक्यता खोडत चालली होती, आणि मी पान उलटत होतो.

तिसऱ्या दिवशी तिनं कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं.

"पप्पा, इकडं या. हे लाल काय आहे? गंज आहे ना हा? तुम्हाला कळतं, तुम्ही सांगा."

गंज मी अठराव्या वर्षापासून ओळखतो. कोणत्या धातूला कसा चढतो, बोटाला कसा लागतो, सगळं. सोन्याच्या मुलाम्याला तांबडा गंज चढत नसतो, हे टूलरूमच्या नव्या पोरालाही कळेल. ती माझ्या तोंडाकडं पाहत होती.

"हो," मी म्हणालो. "तसंच दिसतंय."

मी असं का केलं याचं मोठं कारण माझ्याकडं नाही. लाज वाटली. उघडू नका म्हणून सांगितलेलं उघडलं, आणि ज्या हाताचं ती कौतुक करायची त्याच हातानं बिघडवलं. बस, एवढंच.

"म्हणजे ओलीत पडलेलं कार्ड गळ्यात मारलं त्यानं," ती म्हणाली. काल-परवापर्यंत ती त्यांना अंकल म्हणत होती.

दुकानावर मी सोबत गेलो. त्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवून कार्ड डोळ्याजवळ धरलं. कापसावर स्पिरिट घेऊन दात पुसले. कापूस पिवळा झाला. त्यांनी तो नाकाजवळ नेला आणि माझ्याकडं पाहिलं. मुलगी तेव्हा फोनमधला त्या लाल डागाचा फोटो शोधत होती.

"भाईसाब, घर में इसको कुछ लगा क्या?"

"नाही," मी म्हणालो.

"अंकल, माझे पप्पा टूलरूमला आहेत," मुलगी म्हणाली. "त्यांनीच बघितलंय. गंज आहे तो."

त्यांनी कापूस खालच्या डब्यात टाकला. "ठीक है बेटा," म्हणाले आणि शेल्फावरून दुसरं कार्ड काढून पुढं ठेवलं. तिनं हातसुद्धा लावला नाही. "तेही तसलंच असंल," असं त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणून ती जिन्याखालून बाहेर पडली. मी तिच्या मागं.

त्याच दिवशी तिनं शहरातल्या कॉम्प्युटरवाल्या पोरापोरींच्या ग्रुपवर लिहिलं. कार्डाचा फोटो, दुकानाचा पत्ता, आणि 'इथून काही घेऊ नका, गंजलेला माल विकतात'. मला वाचून दाखवलं. "बरोबर लिहिलंय ना?" मी चष्मा पुसत बसलो. खाली लोकांनी भराभर लिहिलं. ज्यांनी त्या दुकानाचं तोंड पाहिलं नव्हतं त्यांनीही लिहिलं. काहींनी तर त्यांच्या धर्मावरून, गावावरून लिहिलं. ते शब्द मी इथं उतरवत नाही, पण वाचले सगळे.

वर्षभरानं तिथून जाताना पाहिलं तर जिन्याखाली झेरॉक्सचं मशीन आलं होतं. माझ्यामुळंच दुकान गेलं असं म्हणत नाही, जुन्या मालाचा धंदा तसाही बसतच होता. पण माझ्यामुळं नाही गेलं, असंही मला म्हणता येत नाही. मुलगी पुढं नोकरीला पुण्याला गेली. कधी विषय निघाला की सांगायची, "जुनं काही घ्यायचं तर पप्पांना दाखवून घ्यावं. त्यांनी लगेच ओळखलं होतं."

प्रत्येक वेळी मी उठून पाणी प्यायला जायचो.

या उन्हाळ्यात झेरॉक्सवाल्याकडून पत्ता काढून स्कूटरवर खुलताबादला गेलो. बसस्टँडजवळ एका टपरीत ते मोबाइलची कव्हरं, चार्जर विकत बसले होते. ओळखलं त्यांनी. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वाटेत घोकलेलं एकही वाक्य आलं नाही. कुंकू, पाणी, बटण, जे तोंडाला आलं ते.

ते गिऱ्हाइकाला कव्हर बसवून देत होते. ते देऊन झाल्यावर म्हणाले, "मालूम था. हल्दी की बू आयी थी ना."

"मग बोलला का नाहीत तुम्ही?"

"मैं बोलता तो कौन मानता? दुकान मेरा, माल मेरा. बोलना तुमको था." मग विचारलं, "बिटिया को बताया?"

"नाही अजून."

त्यांनी पहिल्यांदा सरळ माझ्याकडं पाहिलं. "तो मेरे को काहे को बता रहे, भाईसाब? मेरे को तो मालूमच था."

मी घाटाच्या तोंडाशी येऊन थांबलो, स्कूटर स्टँडला लावली आणि मुलीला फोन केला. ती ऑफिसात होती, मागं कुणीतरी हसत होतं. मी सांगत गेलो तसा तो आवाज लांब गेला. ती उठून बाहेर आली असावी.

"गंज नव्हता?"

"नाही, माय."

फोन कट झाला की काय म्हणून मी कानापासून काढून पाहिला.

"मी तुम्हालाच विचारलं होतं, पप्पा." ती रडत नव्हती. रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. "लोकांनी त्यांना काय काय म्हटलं. मी त्यातल्या कितीतरी जणांना हार्ट दिले होते."

मी स्कूटरच्या आरशावरची धूळ अंगठ्यानं पुसत राहिलो.

"आता बोला ना काहीतरी. गप्प नका बसू."

"चुकलो," मी म्हणालो.

"त्यांचा नंबर घेतला का?"

नव्हता घेतला. आपलं सांगून झालं की निघावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती म्हणाली, जा मागं, घ्या, मला बोलायचंय त्यांच्याशी, आणि तुम्ही नका बोलू मधे. मग फोन ठेवला. नेहमीसारखं 'जेवलात का' तिनं विचारलं नाही.

मी स्कूटर वळवली. टपरीवर पोचलो तर ते अजून तिथंच होते. मला परत आलेलं पाहूनही त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं नाही.