गार इंजिनाचे वैद्य

थंडी पडली की अख्खी दिल्ली आजारी पडते आणि माझे साडू टुणटुणीत होतात. उन्हाळाभर पंख्याखाली मलूल पडून असलेला हा माणूस धुक्याची पहिली सकाळ उजाडली रे उजाडली, की द्वारकेतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये वारं प्यायल्यासारखा फिरू लागतो. कारण एकच. रात्रभर गारठलेल्या गाड्या सुरू होताना किंचाळतात, कण्हतात, खोकतात, ते सगळं त्यांना ऐकायचं असतं, आणि कुठला अवयव बोलतो आहे हे मालकाला, त्याने विचारलेलं नसतानाही, सांगायचं असतं. अंगात दोन स्वेटर, वर शाल, डोक्याला माकडटोपी, आणि तिच्यातून डावा कान तेवढा बाहेर काढलेला. "त्याला थंडी वाजत नाही, तो ड्यूटीवर असतो," असं ते म्हणतात. त्यांच्याकडे स्वतःची गाडी नाही. चालवताही येत नाही. सारी सरकारी नोकरी त्यांनी बसने केली, आणि त्या बसच्या गिअरबॉक्सबद्दल ते अजून हळहळतात.

थंडीतला आवाज मोठा लबाड असतो. इंजिन तापलं की तो गप्प. करोल बागेतल्या मेकॅनिककडे पोचेपर्यंत गाडी शहाण्या मुलीसारखी वागू लागते आणि मेकॅनिक संशयाने मालकाकडे बघतो. यावर साडूंचा उपाय असा की मालकाने तो आवाज आधी स्वतःच्या तोंडाने काढून दाखवायचा. बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले एक शेजारी टाय लावून लिफ्टपाशी "चीं, चीं" करताना मी स्वतः पाहिले आहेत. "और पतला, साहब, और पतला!" साडू त्यांना चेव आणत होते. "बेल्ट इतना मोटा नहीं बोलता!" साहेबांनी डोळे मिटून जीव ओतून आणखी बारीक चीं काढली. तेवढ्यात लिफ्ट उघडली. आत त्यांची सून होती. ती परत वर गेली.

तोंडी परीक्षा झाली की लाटणं बाहेर निघतं. एक टोक इंजिनाच्या अंगाला, दुसरं कानाला. "आमच्याकडे दोन लाटणी आहेत," माझी मेहुणी पाहुण्यांना सांगते, "पोळीला ग्रीसचा वास आला तर समजायचं, आज अदलाबदल झाली." निदान नेहमी बरोबर येतं असं मात्र नाही. मराठी मंडळातल्या एकाच्या कोऱ्या गाडीचं बेअरिंग गेल्याचं त्यांनी छातीठोकपणे जाहीर केलं. डिकी उघडली तर हळदीकुंकवासाठी आणलेल्या स्टीलच्या वाट्या इंजिनाच्या थरथरीने एकमेकींवर वाजत होत्या. साडू जराही ओशाळले नाहीत. "गोल वस्तू आहे, एवढं तर बरोबर सांगितलं ना यार?"

गेल्या वर्षी सुलभा गेली. सुलभा म्हणजे माझी पत्नी, साडूंच्या बायकोची थोरली बहीण. गाडी तिची होती. मीही चालवायला शिकलो तो तिच्याकडूनच, आणि तेही निवृत्तीनंतर. पण ती असताना माझा पेपर वाचून संपेपर्यंत ती खाली जाऊन गाडी तापवून ठेवायची, त्यामुळे गार गाडी कशी बोलते हे मला ठाऊकच नव्हतं. ती गेल्यावर मी गाडी फारशी काढलीच नाही; या थंडीत काढली तेव्हा ठाऊक झालं. सकाळी किल्ली फिरवली की खर्रर्र, असा की गार्ड दचकून वळे. पुण्याहून मुलगा म्हणाला, "बाबा, धुक्यात हायवेवर बंद पडली तर? विकून टाका." त्याने पानिपतचं एक गिऱ्हाईकही शोधलं. रविवारी ते गाडी न्यायला येणार होतं. मला गाडी द्यायची नव्हती. शनिवारी सकाळी मी साडूंना बोलावलं.

ते जवळजवळ पळतच आले. "दार हळू उघडा, साडूभाऊ! ती झोपेत आहे तोवर आपलं काम. आधी तोंडाने!" जन्मभर मनातल्या मनात वाचणारा मी, त्या पार्किंगमध्ये मान वर करून "खर्रर्र" म्हणालो. गार्डने तोंडावर मफलर ओढला. "बढिया! आता तिला म्हणू द्या." मी किल्ली फिरवली. खर्रर्र! साडूंनी बॉनेट उघडून लाटणं टेकवलं. "पुन्हा!" बंद करून पुन्हा. खर्रर्र! "अजून एकदा!" मग मात्र त्यांचा चेहरा बदलला. इंजिन तापत आलं होतं आणि आवाज तसूभर कमी होत नव्हता. गार गाडीचा आवाज असा हट्टाने कधी टिकत नाही. ते खिडकीशी आले आणि माझ्या हाताकडे बघत राहिले.

"उतरा," ते म्हणाले. "न्यूट्रलमध्ये आहे ना?"

मी गाडी बंद करून उतरलो. गाडी चालवता न येणारा तो माणूस स्टीअरिंगमागे बसला आणि त्याने किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. नुसती सुरू झाली, कुरकुरसुद्धा नाही.

"ठणठणीत आहे हो!" साडू एवढ्याने ओरडले की छतावरची कबुतरं उडाली. "गाडीला काही झालेलं नाही! आवाज तुमच्या हाताचा आहे. इंजिन सुरू झालं तरी तुम्ही किल्ली धरूनच ठेवता. स्टार्टर झिजतो त्याने." मग जरा खालच्या आवाजात, "ताईंचंही हेच. मी दर थंडीत सांगायचो. त्या म्हणायच्या, सुरू झाली याची खात्री नको का? तुम्ही तंतोतंत त्यांच्यासारखी किल्ली फिरवता."

माझ्या मुलाला फोन त्यांनीच लावला. "पानिपतवाल्याला नाही म्हणून कळव. गाडी फर्स्ट क्लास आहे, गाडी कुठेही जाणार नाही." फोन ठेवून ते मला म्हणाले, "चला, आता नीट करा. सुरू झाली की लगेच सोडायची. बिल्कुल सोपं आहे."

मी बसलो. किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, सोडायची वेळ आली हे मला स्पष्ट कळलं, आणि माझी बोटं तशीच राहिली.

खर्रर्र.

साडू बॉनेटपाशी उभे होते. आजवर कुणाच्या गाडीतला बारीकसा आवाजही त्यांनी शिल्लक राहू दिलेला मी पाहिला नाही.

"स्टार्टर अजून एखादी थंडी काढेल," ते म्हणाले. "गेला की नवा बसवू."

आणि एरवी धाडकन आपटतात ते बॉनेट त्यांनी दोन्ही हातांनी दाबून हळूच बंद केलं.