भोपळे मास्तरांचा तराफा

भोपळे मास्तरांना कोणी एखादी गोष्ट छातीठोकपणे सांगितली की ते वाद घालत नसत. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसायचे आणि म्हणायचे, “करून पाहू.” ही नुसती बोलायची लकब नव्हती. माणूस खरोखरच करून पाहायचा आणि आजूबाजूच्या सगळ्यांना कामाला लावायचा. मी मारेगावच्या शाळेत नवा मास्तर म्हणून लागलो, त्याच महिन्यात त्यांनी वर्गात दोन चुली मांडल्या. गावातले लोक म्हणत, बौद्धवाड्यातल्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. बौद्धवाडा हा शब्दही ते घेत नसत, जुनंच नाव घेत, आणि म्हणताना त्यांच्या मनात डाळीपेक्षा वेगळंच काही असे. मास्तरांनी चुलींवर पाण्याचे दोन गंज चढवले. एकात गावच्या विहिरीचं पाणी, दुसऱ्यात मास्तर स्वतः राहत त्या बौद्धवाड्यातलं, डाळ एकाच पोत्यातली. तास संपला तेव्हा गावच्या पाण्यातली डाळ मऊ झाली होती आणि त्यांच्या पाण्यातली दाताखाली करकर वाजत होती. मला वाटलं, आता या माणसाचं तोंड उतरणार. पण ते हसले. “खरं हाय बा,” पोरांना म्हणाले, “आमच्या विहिरीत खार हाय. खार कुठून येते ते उद्या पाहू.” दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच धडा घेतला.

त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं. पण घराच्या ओसरीला वाशावाशाला वाळके दुधी भोपळे टांगलेले असत, वेलावरच जून केलेले, वाजवले तर टणटणणारे. ते पाहून पोरांनी हे नाव ठेवलं. गणितात ज्याला भोपळा मिळे तो म्हणे, मास्तरांनी आज घरून आणलाय. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनाच जास्त मजा वाटली. भोपळे खायला नव्हते, विकायलाही नव्हते. ते तराफ्याच्या खाली बांधायचे होते.

छप्पन साली मास्तर, त्यांची आई आणि धाकटा भाऊ सुदाम असे तिघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. घरातले देव गेले आणि मास्तरांच्या डोक्यात एक प्रश्न येऊन बसला. आपल्याला गावाच्या कडेला बसवलं त्याच्या आधी आपण कुठे होतो? मिळेल ते वाचून त्यांनी आपल्यापुरतं एक उत्तर तयार केलं. जुन्या काळी भिक्खू आपल्या या मुलखातून पाण्याच्या वाटेनं निघत. वर्धेतून प्राणहितेत, तिथून गोदावरीत, गोदावरीतून समुद्राला. आणि त्यांचे तराफे हाकणारी माणसं आपलीच होती. “पानी जाते तिथं मानूस जाते,” असं ते म्हणत. वणीच्या वाचनालयात त्यांनी हे एकदा भाषणात सांगितलं. तिथे इतिहासाचे जाणकार समजले जाणारे एक वकील होते. ते उठून म्हणाले, वर्धेत डोंगासुद्धा चार कोस सरळ जात नाही, जागोजागी खडक आहेत, आणि मास्तर, तुमची माणसं कधी शीव ओलांडून गेली होती? सगळी खोली हसली. मीही हसलो. आज ते लिहितानासुद्धा मला लाज वाटते, पण हसलो हे खरं आहे. मास्तरांनी चष्मा पुसला आणि त्यांचे ते दोन शब्द उच्चारले.

मग दोन वर्षं तराफ्याचं काम चाललं. त्या काळात नसेल ती वस्तू लावायची नाही, हा त्यांचा हट्ट. खिळा नाही, तार नाही. कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, एका म्हातारीनं त्यांना बांबू कोणता तोडायचा आणि किती दिवस पाण्यात मुरवायचा ते शिकवलं. पळसाच्या मुळ्यांची साल कुटून दोर वळले. पहिला तराफा तलावात टाकताच तिरपा होऊन बुडाला आणि भोपळे तेवढे वर आले. गावाला महिनाभर हसायला विषय मिळाला. मास्तरांनी काय चुकलं ते वहीत लिहिलं आणि दुसरा बांधायला घेतला.

सुदाम राजूरच्या कोळसा खाणीत होता. सुट्टीच्या दिवशी यायचा, कानाच्या पाळीत काळं तसंच. अंगानं थोरल्याच्या दुप्पट, आणि पाण्यात मासा. तुला पटतं का हे सगळं, असं मी त्याला एकदा विचारलं. दोर आवळता आवळता तो म्हणाला, “मले त्यातलं काई समजत नाई. पन मास्तरले पोहता येत नाई. मंग मी नाई तर कोन जाईन त्याच्यासंगं?”

मी त्या घरात रोज चहा पीत होतो. आमचं घर महागावकडे, कापसाची शेती असलेलं. तिथे मी हे कधी बोललो नाही. मास्तरांच्या आईला ते न सांगता कळलं होतं. एकदा कप हातात देताना तीच म्हणाली, बापू, घरी नको सांगू, तुझ्या मायला उगाच दुःख होईल. मी मान हलवली आणि चहा प्यायलो. ती म्हातारी मला सांभाळून घेत होती आणि मी ते आपला हक्क असल्यासारखं घेत होतो.

नदीची माहिती असलेला माणूस हवा होता, म्हणून वर्धेकाठचा दसरूबाबा भोई ठरवला. म्हातारा खूश होता. फक्त एकच अट होती. संगमाच्या खाली नदीत मायचा गोटा म्हणून एक मोठा काळा दगड आहे. तिथे डोंगा थांबवायचा, उतरायचं, नारळ द्यायचा आणि मग पुढे जायचं. मास्तरांनी विचारलं, काहून? दसरूबाबा बुचकळ्यात पडला. “काहून म्हंजे? माह्या बापानं सांगतलं, त्याले त्याच्या बापानं. थांबल्याबिगर कोनी गोटा ओलांडत नाई.” मास्तर म्हणाले, दगडापुढे हात जोडणार नाही अशी मी शपथ घेतली आहे. म्हातारा म्हणाला, तुम्ही नका जोडू, मी जोडतो, तुम्ही नुसते थांबा. मास्तरांनी तेही मान्य केलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या असंच थांबत थांबत आपण खाली गेलो, असं काहीतरी ते बोलले. दसरूबाबा उठला, सगळ्यांना रामराम केला आणि घरी गेला. आयुष्यभर प्रत्येक गोष्ट करून पाहणाऱ्या त्या माणसानं ही एकच गोष्ट करून पाहायची नाकारली, कारण तिच्यात नारळ होता. त्या वेळी मला ते फार बाणेदार वाटलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो. तराफा दोन बैलबंड्यांवर लादून नदीवर नेला. मास्तर, सुदाम आणि मी. मी कशाला गेलो? वाचनालयात हसलो होतो त्याची भरपाई, असं मनाशी म्हणालो होतो. माझ्या पिशवीत घोंगडीखाली एक नारळ होता. वणीच्या बाजारातून कोणाला न दिसेल असा घेतलेला. पहिला दिवस इतका चांगला गेला की मास्तर पोरासारखे पाय पाण्यात सोडून बसले होते आणि सुदाम त्यांना चिडवत होता, समुद्र आला की उठवजो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोटा दिसला. शेंदूर फासलेला, पाण्याच्या वर माणूसभर. सुदामनं बांबू रोवून तराफा थोडा अडवला आणि भावाकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, चल. मी मागच्या बाजूला होतो. दोघांची पाठ माझ्याकडे होती. मी नारळ काढला, कपाळाला लावला, हळूच पाण्यात सोडला आणि लगेच तोंड फिरवून बसलो. छातीवरचं ओझं गेलं. आपण आपलं काम केलं, आता काळजी नाही, असं मला अगदी स्पष्ट वाटल्याचं आठवतं.

गोट्याच्या पुढे नदी दोन अंगांनी फुटते. उजवीकडचं पाणी रुंद आणि संथ दिसत होतं, डावीकडचं अरुंद आणि गढूळ. शहाणा माणूस घेईल तीच बाजू आम्ही घेतली. त्या संथ पाण्याखाली हातभरावर खडकाची आडवी धार होती. तराफा तिच्यावर चढला आणि अडकला, मागून पाण्याचा लोंढा येत राहिला, भोपळे एकेक फुटायला लागले. सुदाम खाली उतरून खांद्यानं तराफा उचलत होता. एकदम दोर तुटले, बांबू सुटले, आणि त्याचा पाय खडक आणि बांबूंच्या मध्ये सापडला. उरलेला तराफा त्याच्यावर उलटला. मास्तरांनी त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली होती. पोहता न येणारा माणूस एका भोपळ्याला मिठी मारून, दुसऱ्या हातानं भावाला धरून होता. कॉलर फाटून हातात आली. मी काय केलं? मी काठावर गेलो. सुदाम दुसऱ्या दिवशी दोन कोसांवर भोयांना सापडला.

मारेगावात आमच्या आधी बातमी पोचली होती आणि बातमीबरोबर तिचा अर्थही. देव सोडला, नारळ दिला नाही, मायनं आपला माणूस घेतला. चावडीवर हेच, कपाशी वेचणाऱ्या बायांच्या तोंडी हेच. गाव बोललं त्याचं मास्तरांना काही वाटलं नसतं. पण त्यांच्या वाड्यातल्या दोन-तीन घरांत देवांचे जुने टाक पुन्हा कोनाड्यात आले, आणि त्यांच्या आईनं थोरल्याशी बोलणं सोडलं. शिव्या नाहीत, रडणं नाही. भाकर वाढायची आणि पाठ करून बसायची. एका दुपारी मास्तर घरी नसताना तिनं मला ओसरीवर बसवलं. “बापू, तुमच्यात देव हाय, तुले ठाऊक असन. नारळ देल्ला असता तं माहा सुदाम वाचला असता काय?” मी म्हणालो, नाही माय. ती म्हणाली, तू मास्तरचा दोस्त आहेस, तू असंच म्हणणार. एवढं बोलून ती आत गेली. मी दिला होता, माय, हे चार शब्द मला बोलता आले नाहीत. मास्तरांना काय वाटेल, गाव काय म्हणेल, महागावला कळेल, असं सगळं त्या क्षणी मला तिच्यापेक्षा मोठं वाटलं.

पुढे मास्तरांनी तराफा बांधला नाही. ओसरीवरचे भोपळे उतरवले. सुट्ट्यांमध्ये वही घेऊन ते पायी नदीकाठानं जाऊ लागले, दर वर्षी थोडं आणखी खाली, आणि भोयांना, ढिवरांना विचारत फिरले की तुम्ही डोंगा कुठे थांबवता. सगळ्यात आधी ते दसरूबाबाकडे गेले होते. काहून थांबता, असं पुन्हा विचारल्यावर म्हाताऱ्याला आपला आजा आठवला. आजा नारळ टाकला की गोट्यावर उभा राही आणि नारळ दिसेनासा होईपर्यंत हलत नसे. नारळ ज्या अंगानं जाई त्या अंगानं डोंगा. कारण दर पावसाळ्यात रेती जागा बदलते आणि कोणत्या अंगाला खोल पाणी आहे ते वरून दिसत नाही. बाप नुसता नारळ टाकी आणि निघे, म्हातारा म्हणाला, मीही तसंच करत आलो. माझं नशीब चांगलं.

हे मास्तरांनी मला शाळेत, मधल्या सुट्टीत सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाले, “नारळ नाई देल्ला, ते बरोबरच केलं, भाऊ. थांबलो नाई, ते चुकलं. सुदामले पान्यानं नाई मारलं, मी मारलं.” तेव्हाही त्यांची आई जिवंत होती. तेव्हाही मी गप्प राहिलो.

वही मात्र भरत गेली. गोदावरीपर्यंत अशा थांबायच्या दगडांची रांगच्या रांग त्यांना सापडली. “जिथं कोनी जात नाई, तिथं थांबाचा दगड कोन ठेवते?” असं ते म्हणत, आणि त्या एका वाक्यावर त्यांचा सगळा सिद्धांत उभा होता. वणीच्या वकिलांच्याही कानावर ते गेलं आणि त्यांनी पुन्हा भाषणाला बोलावणं पाठवलं. मास्तर गेले नाहीत. भावाला सोबत घेऊन जाता आलं असतं तर गेलो असतो, म्हणाले.

आई एका उन्हाळ्यात गेली. त्याच वर्षी माझी बदली महागावला झाली आणि निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. ते ओसरीवर वही घेऊन बसले होते. त्या दिवशी का कोण जाणे, मला ते पोटात ठेववेना. मी सांगून टाकलं. बाजारातून घेतला तो, घोंगडीखाली ठेवला तो, पाण्यात सोडला तो नारळ. मास्तर ऐकत राहिले. रागावतील अशी मी वाट पाहत होतो. त्यांनी फक्त विचारलं, “कोनत्या अंगानं गेला?”

मी पाहिलं नव्हतं. तुम्हा दोघांना दिसू नये म्हणून मी लगेच तोंड फिरवलं होतं, असं मी म्हणालो.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. माझ्याकडे न पाहता ते बोलले. “माह्यापाशी नसतं सांगतलं तरी चाललं असतं, भाऊ. मायले सांगाले पायजे होतं. मरेपर्यंत ती माह्याशी बोलली नाई.”